मेसेज वाचून गप्प राहिलो

आमच्या वाडीत मला ओळखणारी माणसं दोन प्रकारची होती. एक, मला नावानं ओळखणारी, आणि दुसरी, ‘तो धरणावरचा, इंग्रजी येणारा’ एवढंच ठाऊक असलेली. दुसऱ्या प्रकारची माणसं जास्त होती आणि मला त्याचं सुख वाटायचं. वाडी मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या अंगाला. वडील दुसऱ्यांच्या भातशेतीवर मजुरी करायचे. त्यांनी मला कल्याणला कॉलेजात घातलं, मी बी.कॉम. झालो आणि भातसानगरला धरणाच्या ऑफिसात कारकून म्हणून लागलो. आमच्या बौद्धवाडीतला पहिला पगारी माणूस मी नव्हतो, पण साहेबाच्या इंग्रजी पत्राला इंग्रजीत उत्तर लिहिणारा पहिलाच.

नव्वदच्या दशकात मी रविवारी वाडीवर गेलो की ओट्यावर माणसं जमायची. कुणाचा जातीच्या दाखल्याचा फॉर्म, कुणाचं बँकेचं पत्र, कुणाला कोर्टाचा कागद आलेला. मी चष्मा लावून वाचायचो, मग मराठीत सांगायचो. त्या काळात वर्तमानपत्रांत कोड्यांच्या जाहिराती यायच्या. नऊ चौकोनांत आकडे भरा, आडवी-उभी-तिरकी बेरीज पंधरा आली पाहिजे, बरोबर उत्तराला टू-इन-वन, म्हणजे रेडिओ-टेप, निम्म्या किमतीत. माझ्या चुलतभावाने ते कोडं सोडवून पाठवलं. अभिनंदनाचं पत्र आलं आणि मागोमाग पोस्टात व्ही.पी. पार्सल. पोस्टमनला पैसे द्यायचे आणि खोकं घ्यायचं. भाऊ पत्र घेऊन माझ्याकडे आला.

मी त्याला म्हणालो, “शाळेतल्या पोराला सुटेल असं कोडं, आणि बक्षीस एवढं मोठं. हे जुळत नाही. पार्सल परत जाऊ दे.”

त्याला वाईट वाटलं, पण त्याने ऐकलं. महिन्याभरात पलीकडच्या गावातल्या एकाने तसंच पार्सल सोडवलं. भुशात गुंडाळलेला दगड निघाला. मग काय, माझा भाव वाढला. ‘त्याला दाखवल्याशिवाय कशावर सही करू नका,’ असं वाडीतली जुनी माणसं सांगायला लागली. मीही ते ऐकून तसाच वागायला लागलो. कुणी काही दाखवलं की आधी मान हलवायची, मग थोडं थांबायचं, मग बोलायचं.

हे सगळं आधी सांगतोय, कारण पुढे मी जे केलं ते अडाण्याने केलेलं नाही.

दोन हजार सालानंतर मोबाइल आले. आमच्या धरणाच्या वसाहतीत रेंज यायला थोडा उशीर झाला, पण आली. मी फोन घेऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा एका सकाळी ऑफिसला निघताना मेसेज आला. इंग्रजीत. तुमच्या मोबाइल नंबरला परदेशातल्या लॉटरीत पाच लाख पौंडांचं बक्षीस लागलं आहे, अमुक ई-मेलवर नाव, पत्ता आणि व्यवसाय कळवा.

मी तो मेसेज पुसला नाही, आणि कुणाला दाखवलाही नाही. दिवसभर खिशात बाळगला. दुपारी साहेबांच्या पत्राचा मसुदा टाइप करताना पाच लाख पौंडांचे रुपये किती होतात ते कागदाच्या कोपऱ्यात करून पाहिलं. शून्यं मोजली आणि कागद फाडला.

शनिवारी शहापूरला गेलो. स्टँडजवळ एक बाई झेरॉक्स आणि इंटरनेटचं दुकान चालवायच्या. माझा ई-मेल नव्हता, तो त्यांनीच उघडून दिला. मी उत्तर टाइप केलं, तेही दोनदा खाडाखोड करून, कारण मला वाटत होतं की परदेशातला कुणी अधिकारी ते वाचणार आहे, आपल्या भाषेत चूक दिसू नये. बाईंनी माझ्या खांद्यावरून पाहिलं असावं. पैसे देताना म्हणाल्या, “काका, असे मेल खूप जणांना येतात हां.”

मी नुसता हसलो. मनात म्हणालो, येत असतील, पण लागायचं ते एखाद्यालाच लागतं.

चार दिवसांनी उत्तर आलं. वर कसलासा शिक्का, खाली कुण्या बॅरिस्टरची सही. मी त्याची प्रिंट काढून घरी आणली आणि दार लावून वाचली. हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. ऑफिसात माझ्याकडे येणारा प्रत्येक मसुदा मी लाल पेन्सिलीने तपासायचो. या पत्रातही मी खुणा करत गेलो. एका वाक्यात कर्ता अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी. एका ठिकाणी स्पेलिंग चुकलेलं. ‘प्रिय विजेता’ असं संबोधन, माझं नाव कुठेच नाही. एका पानावर अकरा खुणा झाल्या. तालुक्याच्या कचेरीतून असं पत्र आलं असतं तर मी ते सगळ्यांना दाखवून हसलो असतो. आणि इथे मी काय विचार केला असेल, तर गोरा माणूस घाईत असेल, कामाचा बोजा असेल.

पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की रक्कम हातात पडेपर्यंत ही गोष्ट कुणालाही सांगू नये, सुरक्षिततेसाठी. मला ते पटलं. उलट आवडलं. बायकोपासून, भावापासून, ऑफिसपासून लपवायला मला एक अधिकृत कारण मिळालं.

पुढचे दीड-दोन महिने मी कसा वागलो ते आठवलं की अजूनही कान गरम होतात. मी साहेबांशी जरा तोऱ्यात बोलायला लागलो. हायवेच्या कडेला एक प्लॉट होता, त्याची चौकशी केली, तीही ‘एका ओळखीच्यांसाठी’ असं सांगून. वाडीवर गेलो तेव्हा एक म्हातारा पेन्शनचा कागद घेऊन आला, तर त्याला म्हणालो, पुढच्या वेळी बघू. मला कंटाळा आला होता त्या कागदांचा. आपण आता यातून सुटणार, असं वाटत होतं.

मग एका बाईचा फोन आला, हिंदीत. दिल्लीच्या विमानतळावरून बोलते म्हणाली. तुमच्या नावाचं पाकीट कस्टममध्ये अडकलं आहे, सोडवायला अमुक शुल्क भरा. मी भरलं. मग दुसरं शुल्क निघालं. तेही भरलं. पैसे जायचे ते कुठल्याशा उत्तरेकडच्या गावातल्या एका साध्या माणसाच्या बचत खात्यात. बँकेच्या स्लिपवर मी माझ्या हाताने ते नाव दोनदा लिहिलं आणि एकदाही स्वतःला विचारलं नाही की सरकारी कस्टमचे पैसे याच्या खात्यात का. घरात ठेवीची पावती होती ती मोडली. बायकोला सांगितलं, ऑफिसच्या पतपेढीत गुंतवतोय.

तिसऱ्यांदा मागितले तेव्हा माझ्याकडे नव्हते. मी म्हणालो, आठ दिवस थांबा. त्या बाईने पुन्हा फोन केला नाही. मी केला तर नंबर बंद. बॅरिस्टरला मेल लिहिला, उत्तर नाही. आणखी एक लिहिला. त्या दुसऱ्या मेलमध्ये मी विनंती केली होती, माझे भरलेले तरी परत करा. इतक्या नम्र इंग्रजीत मी आयुष्यात कुणाला लिहिलं नव्हतं.

कळलं ते असं एका क्षणात नाही कळलं. रोज थोडं थोडं कळत गेलं. पूर्ण कळलं तेव्हा मी ते प्रिंट काढलेलं पत्र न्हाणीघराच्या चुलीत घातलं.

आता खरी गोष्ट.

आमच्या ऑफिसात एक ताई शिपाई होत्या. त्यांचे पती धरणाच्या दरवाजांवर कामाला होते, ते आजारपणात वारले आणि ताईंना अनुकंपा तत्त्वावर नोकरी लागली. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या. सातवीपर्यंत शिकलेल्या. मराठी वाचायच्या, इंग्रजी अक्षरं ओळखायच्या पण शब्द लागायचा नाही. माहेर खर्डीचं. तिथे भावाने त्यांना थोडी जागा दिली होती आणि निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागेल म्हणून त्या तिथे दोन खोल्या बांधायच्या मागे होत्या. भट्टीवाल्याला विटांचा इसारही देऊन ठेवला होता. कधी विटा येणार, वाळू कुठून आणायची, हे त्या चहा देताना सगळ्यांना सांगायच्या.

माझा फोन बंद पडून, म्हणजे दिल्लीवाल्या बाईचा फोन बंद पडून, तीनेक आठवडे झाले होते. जेवणाच्या सुट्टीत ताई माझ्या टेबलाशी आल्या. फोन हातरुमालात गुंडाळलेला.

“भाऊसाहेब, जरा बघा ना. इंग्रजीत काय लिवलंय. मुलगी म्हनते बक्षीस लागलंय.”

मी फोन हातात घेतला. तोच मेसेज. रक्कम वेगळी होती, बाकी शब्दन् शब्द तोच. एका शब्दातलं एक अक्षर माझ्या मेसेजमध्ये गळलं होतं, ते इथेही गळलेलं.

“काय लिवलंय?” ताईंनी विचारलं.

“लॉटरीचं आहे,” मी म्हणालो.

“कसली लॉटरी? मी तर तिकीट नाय काढलं कधी.”

मला बी.कॉम. होऊन जे सुचलं नाही ते त्यांनी एका दमात बोलून दाखवलं होतं. मला फक्त ‘मग झालं तर’ एवढं म्हणायचं होतं. किंवा ‘खोटं आहे, पुसून टाका.’ दोन शब्द. पण शेजारच्या टेबलावर दोघेजण डबा खात होते आणि त्यांतल्या एकाने मान वर करून आमच्याकडे पाहिलं.  मी खोटं आहे म्हणालो, तर हा विचारणार, तुम्हाला कसं माहीत? मी काहीतरी उत्तर देऊ शकलो असतो. पेपरात वाचलं, रेडिओवर ऐकलं. पण त्या घटकेला मला असं वाटलं की तोंड उघडलं की सगळंच बाहेर पडेल.

मी फोन परत दिला. “मलाही नीट अंदाज येत नाही. बाहेरच्या देशाचं प्रकरण आहे. चौकशी करून बघा.”

“कुठं करू?”

“बघा कुठेतरी.”

त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मी डब्याचं झाकण उघडलं. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी घरी जाताना मी ठरवलं, उद्या त्यांना बाजूला घेऊन सांगू. दुसऱ्या दिवशी साहेबांचा दौरा होता. तिसऱ्या दिवशी मी मनाशी म्हणालो, ताई शहाण्या आहेत, त्यांनी तो कधीच पुसला असेल. त्यानंतर मी ठरवणंही सोडून दिलं. ‘कुणालाही सांगू नका’ असं मला सांगायला त्या बॅरिस्टरला एकदा पत्र लिहावं लागलं होतं. आता सांगणारं कुणी नव्हतं, तरी मी पाळत होतो.

दीड महिन्याने ताई चार दिवस कामावर आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या, दुपारी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “एक अर्ज लिवून पायजे होता. पोलिसांत द्यायचाय.”

मी त्यांना रेकॉर्ड रूममध्ये नेलं. तिथे त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मुलीने मैत्रिणीकडून ई-मेल पाठवला होता. मग हिंदीतून फोन. मग शुल्क. ताईंनी भट्टीवाल्याकडून इसार परत घेतला, त्यात साठवलेले घातले आणि भरले. एकदाच. दुसऱ्यांदा मागितले तेव्हा त्यांना संशय आला आणि त्यांनी मुलीला म्हटलं, ज्याला द्यायचंय तो मागंल कशाला. मी दुसऱ्यांदाही भरले होते.

“तुमाला दाखवला होता ना मी,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसतं सांगत होत्या. “तुमी काय बोलले नाय. मी मुलीला म्हटलं, भाऊसाहेब एका स्पेलिंगसाठी कागद परत पाठवतात. खोटं असतं तर ते गप बसले नसते.”

मी खाली बघून म्हणालो, “लिहितो अर्ज.”

लिहिला. मराठीत, स्वच्छ अक्षरात, तारखा-नंबर सगळं क्रमाने. चांगला झाला. मला त्यातही बरं वाटलं, हे सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून आम्ही जीपने शहापूरला गेलो. पोलिस ठाण्यात बाकावर बसलो. हवालदार वयस्क होते, शांतपणे अर्ज वाचला. म्हणाले, “लिहिलाय छान. कुणी लिहिला?”

“ह्यांनी,” ताई म्हणाल्या. “आमच्या ऑफिसातले.”

हवालदारांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मग ताईंना म्हणाले, “ताई, तुम्हाला इंग्रजी येत नाही, तर पैसे भरायच्या आधी कुणा जाणत्याला विचारायचं ना.”

“इचारलं होतं,” ताई म्हणाल्या.

“कुणाला?”

बाकावर आमच्या दोघांत वीतभर अंतर होतं. मी समोरच्या भिंतीवरची पाटी वाचत होतो आणि मला एक अक्षर दिसत नव्हतं.

“होते एक वळखीचे,” त्या म्हणाल्या. “त्यांना पन इंग्रजी जेमतेमच येत होतं.”

हवालदारांनी लिहून घेतलं आणि अर्ज जिल्ह्याच्या ऑफिसला, ठाणे शहरात पाठवतो म्हणाले. पैसे मिळतीलच असं नाही, असंही प्रामाणिकपणे सांगितलं. आम्ही बाहेर आलो.

ताईंनी मला सांभाळून घेतलं होतं की माझी जागा दाखवून दिली होती, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. त्यांना विचारायची हिंमत झाली नाही. स्टँडकडे चालताना मी रसवंतीपाशी थांबलो. म्हणालो, “ताई, जरा बसू.”

बसलो. उसाच्या रसाचे ग्लास पुढे आले. मी म्हणालो, “मला कळलं होतं तो मेसेज खोटा आहे ते.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“कारण मला आधीच आला होता. मी पैसे भरले होते. दोनदा.”

 ग्लासाच्या बाहेरून पाणी सुटलं होतं ते ताई बोटाने पुसत राहिल्या.

“कधी?”

“तुम्ही दाखवायच्या आधी.”

“म्हंजी तुमी वाचत होते तवा तुमाला ठावं होतं.”

“हो.”

“आनि मी म्हटलं कुठं चौकशी करू, तर बघा कुठंतरी म्हनाले.”

“हो.”

मला वाटलं होतं, त्या चिडतील, निदान रडतील. त्या म्हणाल्या, “लाज वाटली व्हय.”

मी मान हलवली.

“मला बी वाटते,” त्या म्हणाल्या. “चार दिवस घराच्या भायेर नाय आले मी त्या लाजेपायी. पन माझ्यासारखी कोनी दुसरी इचारायला आली असती, तर मी सांगितलं असतं, भाऊसाहेब.” मग उठल्या. “तुमचा बी अर्ज द्या तिथं. दोन अर्ज झाले तर जरा वजन पडंल.”

आणि मी काय केलं? मी म्हणालो, आज उशीर झालाय, उद्या देतो. पोलिस ठाणं शंभर पावलांवर होतं.

तो अर्ज द्यायला मला आठ दिवस लागले. त्याआधी घरी सांगावं लागणार होतं. जेवण झाल्यावर मी बायकोला म्हणालो, पतपेढीतली ती रक्कम आहे ना, ती पतपेढीत नाही. तिने ताटं गोळा करता करता सांगितलं, “माहितेय. पतपेढीवाल्या बाईंना मी कधीच विचारलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही कधी सांगता ते बघत होते.”

पुढे पुष्कळ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पैशांपेक्षा तिला ते पतपेढीचं खोटं लागलं होतं. मी गप्प राहिल्याने ताईंचं काय झालं, तेही मी त्याच दिवशी तिला सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, “आपली ठेव गेली ती गेली. पण त्यांच्या विटांचं काय?” मी दर महिन्याला पगारातून थोडे ताईंना द्यायचं म्हणालो. ताईंनी घेतले नाहीत. दोनदा पाकीट पुढे केलं, दोनदा परत केलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, “भाऊसाहेब, पैसे त्यांनी नेले. तुमी नाय नेले. तुमच्याकडून मला जे पायजे होतं ते त्या दिवशी पायजे होतं.”

पैसे कुणालाच परत मिळाले नाहीत.

ताईंनी त्यानंतर माझ्याकडे कधी काही वाचायला आणलं नाही. मुलीकडून इंग्रजी शिकायला लागल्या. ऑफिसात माझ्या टपालाच्या पाकिटांवरचे पत्ते मोठ्याने वाचायच्या, चुकल्या तर स्वतःच हसायच्या. एटीएम कार्डं सगळ्यांना मिळाली, त्यानंतरची गोष्ट. एका दुपारी त्यांना फोन आला, बँकेतून बोलतोय, कार्ड बंद होणार आहे, मागचा आकडा आणि पिन सांगा. आम्ही सगळे ऐकत होतो. ताई शांतपणे म्हणाल्या, “बँकेतून बोलता ना? कंच्या बँकेतून? मग मी येते ना तिथंच. दहा मिन्टांची वाट हाय. तुमचं टेबल कंचं?” पलीकडून फोन ठेवला गेला. ताईंनी आमच्याकडे बघून सांगितलं, “घाई करतो तो. घाई केली की समजायचं.” आणि चहाचे कप उचलून गेल्या. त्या दिवशी ऑफिसातल्या चौघांनी ते ऐकलं आणि त्यांतल्या दोघांना पुढे तसाच फोन आला, तेव्हा त्यांनी पिन दिला नाही. मी वीस वर्षं ज्या कामाची शेखी मिरवली ते काम त्या चहाचे कप उचलता उचलता करत होत्या.

मीही सांगायला लागलो, पण मला ते जड गेलं. सुरुवातीला ‘माझ्या ओळखीचे एकजण फसले’ असं सांगायचो. लोक ऐकून सोडून द्यायचे. ‘मी फसलो’ असं म्हटलं की मात्र थांबून ऐकायचे, कारण त्यांना मजा वाटायची. मजा वाटली तरी चालेल, असं म्हणायला मला फार दिवस लागले.

दोन हजारचं दशक संपत आलं, तेव्हा मोबाइल टॉवरचे मेसेज सुटले. तुमच्या जमिनीवर टॉवर बसवू, लाखांचं आगाऊ भाडं, घरातल्या एकाला नोकरी, फक्त नोंदणीचे पैसे आधी भरा. माझ्या चुलतभावाला तो मेसेज आला. सात-बारा घेऊन तो पैसे भरायला निघालाच होता. मी त्याला फोनवर माझी सगळी हकिकत सांगितली. पौंड, बॅरिस्टर, कस्टमवाली बाई, अकरा खुणा, सगळं. एवढं सविस्तर मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याने पैसे भरले नाहीत.

त्या उन्हाळ्यात मुरबाडकडे नात्यातलं एक लग्न होतं. मांडवात जेवणाची पंगत बसली होती आणि चुलतभाऊ वाढता वाढता आपल्या टॉवरच्या मेसेजवरून माझीच गोष्ट सगळ्यांना सांगत होता. “हा आमचा इंग्रजीवाला. ह्याला पाच लाख पौंड लागले होते. लंडनवरून पाकीट निघालं आन दिल्लीत अडकलं.” पंगत हसत होती. कुणीतरी म्हणालं, अरे मग आम्हाला पण एक पौंड दे की. माझी बायको बायकांच्या बाजूला बसली होती, तिने इकडे पाहिलं. मी वरण-भात कालवत राहिलो. मी उठलो नाही आणि काही खोटंही सांगितलं नाही. एकाने विचारलं, खरंच का हो? मी म्हणालो, खरंच. दोनदा भरले.

माझ्या समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मुलीकडचे कुणीतरी, मी त्यांना ओळखत नव्हतो. ते हसत नव्हते. त्यांचा हात ताटातच थांबला होता.

हात धुवायच्या पिंपापाशी ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. धोतराला हात पुसले, बंडीच्या खिशातून फोन काढला. इकडे तिकडे पाहिलं.

“ते टावरचं म्हनत व्हते ना तुमचे भाऊ,” ते हळू आवाजात म्हणाले. “मला पन आलाय. परवा पैसे घिऊन जायचंय. पोराला बोललो नाय मी अजून. तुमी वाचता का जरा?”

“वाचतो,” मी म्हणालो. “पण आधी ऐका. हे खोटं आहे. परवा कुठेही जायचं नाही. आणि पोराला आजच सांगायचं.”

 ते म्हणाले, “तो हसंल.”

“हसेल,” मी म्हणालो, आणि त्यांना घेऊन मांडवाच्या मागे आंब्याखाली दोन खुर्च्या पडल्या होत्या तिकडे गेलो. चष्मा लावला, आणि मेसेजमधली ओळ न् ओळ त्यांना मराठीत सांगायला लागलो.